सॅक्रामेंटो किंग्जच्या मालकांना खुले पत्र: उद्याचे हक्क आज विकणे थांबवा

प्रति,
श्री. विवेक रणदिवे, मालकगटाचे प्रमुख, सॅक्रामेंटो किंग्ज
आणि श्री. स्कॉट पेरी, जनरल मॅनेजर

स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या तुमच्या संघाने २७ डिसेंबर २०२४ ला प्रशिक्षक माइक ब्राऊन यांना काढले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डीॲरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. १६ एप्रिलला डॅलसविरुद्ध घरच्या मैदानावर प्ले-इनचा (प्लेऑफसाठीच्या पात्रतेचा) सामना गमावला आणि त्याच रात्री जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअर यांनाही निरोप मिळाला. चार महिन्यांच्या आत प्रशिक्षक, सर्वोत्तम खेळाडू आणि संघ बांधणारा माणूस असे तिघेही गेले. त्यानंतर डेनिस श्रोडर आला, रसेल वेस्टब्रूक आला, म्हणजे पुन्हा तिशी ओलांडलेल्या खेळाडूंवरच भिस्त. २०२२-२३ च्या हंगामात याच संघाने ४८ सामने जिंकून पश्चिम विभागात तिसरा क्रमांक मिळवला होता. ब्राऊन तेव्हा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते आणि मॅकनेअर सर्वोत्तम व्यवस्थापक. म्हणूनच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आमचा काय संबंध, असे कोणी विचारेल. श्री. रणदिवे, तुमचा जन्म मुंबईचा. एनबीएतला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू सिम भुल्लर २०१५ साली किंग्जच्याच जर्सीत उतरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, ते तुमच्या आग्रहामुळेच. नागपाड्यात किंवा डेक्कन जिमखान्यावर चेंडू हाती घेणाऱ्या मुलांना या लीगमधला एक तरी संघ ‘आपला’ वाटावा, असे नाते तुम्हीच जोडले आहे. सॅक्रामेंटोच्या लोकांचा हक्क तर त्याहून मोठा. २०१३ साली संघ सिॲटलला हलवण्याचा बेत लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला, कारण शहर संघामागे ठाम उभे राहिले. नव्या अरेनासाठी शहराने सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर सार्वजनिक पैशातून घातले. ज्यांचा पैसा लागला आहे, त्यांना हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

२००६ नंतर सलग १६ हंगाम प्लेऑफविना, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांविना, गेले. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही. त्यातले पहिले सात हंगाम तुमच्या आधीचे, ते तुमच्या नावावर आम्ही मांडत नाही. पण २०१३ ते २०२५ या बारा हंगामांत प्लेऑफ एकदाच. हे नशिबाने झालेले नाही, निर्णयांनी झाले आहे, आणि ते निर्णय एकेक करून दाखवता येतात.

पहिली तक्रार नेमणुकांच्या क्रमाविषयी. २०१३ साली तुम्ही आधी प्रशिक्षक मायकल मलोन निवडले आणि नंतर जनरल मॅनेजर पीट डी’अलेसांड्रो. म्हणजे खेळाडू आणणाऱ्याला प्रशिक्षक निवडता आला नाही, आणि प्रशिक्षकाला आपला वरिष्ठ कोण असणार ते माहीत नव्हते. पुढच्या वर्षी संघाने ९-५ (९ विजय, ५ पराभव) अशी सुरुवात केली. मग डीमार्कस कझिन्स विषाणूजन्य मेनिंजायटिसने आजारी पडला, त्याच्याविना सामने हरले, आणि ११-१३ वर मलोन यांना काढले. मुख्य खेळाडू अंथरुणावर असतानाच्या मोजक्या सामन्यांवरून प्रशिक्षकाची किंमत ठरत नसते. त्याच मलोन यांनी २०२३ मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रशिक्षक म्हणून जॉर्ज कार्ल आले आणि मार्चमध्ये त्यांना आणणाऱ्या डी’अलेसांड्रो यांच्या डोक्यावर बास्केटबॉल प्रमुख म्हणून व्लादे दिवाच बसले. उन्हाळ्यापर्यंत डी’अलेसांड्रो बाहेर, कार्ल आणि कझिन्स यांचे भांडण चव्हाट्यावर, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कार्लही बाहेर. २०१९ मध्ये प्रशिक्षक डेव्ह येर्गर यांनी ३९ विजय मिळवले. २००६ नंतरची ती सर्वांत चांगली कामगिरी होती. हंगाम संपताच त्यांना काढले आणि दिवाच यांना मात्र २०२२-२३ पर्यंत मुदतवाढ दिली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दिवाच स्वतःच पायउतार झाले. जून २०२४ मध्ये ब्राऊन यांचा करार वाढवला आणि सहा महिन्यांत, १३-१८ वर, त्यांना काढले.

या धरसोडीची किंमत खेळाडू मोजतात. कझिन्स किंग्जकडे साडेसहा हंगाम होता, तेवढ्यात त्याने सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. फॉक्सने आठ हंगामांत पाच. प्रत्येक प्रशिक्षकाची बचावाची पद्धत वेगळी. पिक-अँड-रोलवर, म्हणजे सहकारी आडवा उभा राहून (स्क्रीन लावून) चेंडूवाल्याला वाट मोकळी करतो त्या चालीवर, एकजण सेंटरला, म्हणजे उंच खेळाडूला, रिंगजवळ मागे थांबवतो, दुसरा त्याला वर येऊन चेंडू अडवायला लावतो, तिसरा प्रत्येक स्क्रीनवर माणूस बदलायला सांगतो. विशीतला खेळाडू यातले एक अंगवळणी पाडेपर्यंत दुसरे सुरू होते. मग ‘याला बचाव येत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो आणि त्याची ट्रेडमधली, म्हणजे संघांतल्या देवाणघेवाणीतली, किंमतही पडते.

दुसरी तक्रार जुलै २०१५ च्या ट्रेडची. यावर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यानंतर जे जे बिघडले त्याची पद्धत तिथे उघडी दिसते.

किंग्जला फ्री एजंट (करारमुक्त खेळाडू) घेण्यासाठी सॅलरी कॅपखाली, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेखाली, जागा हवी होती. त्यासाठी कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन यांचे करार फिलाडेल्फियाच्या गळ्यात घालायचे होते. ते स्वीकारण्याच्या बदल्यात फिलाडेल्फियाने काय घेतले? आदल्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) आठव्या क्रमांकावर निवडलेला निक स्टाउस्कस, पहिल्या फेरीतल्या निवडीचा एक भावी हक्क जो शेवटी २०१९ साली कोणत्याही संरक्षणाविना (म्हणजे जागा कितीही वरची लागली तरी) जाणार होता, आणि त्यावर २०१६ व २०१७ या दोन वर्षी ड्राफ्टमधल्या जागांची अदलाबदल करण्याचा हक्क. किंग्जला मिळाले आर्टुरास गुडाइटिस आणि लुका मित्रोविच या दोन युरोपीय खेळाडूंचे हक्क. दोघेही एनबीएत कधी खेळले नाहीत.

लागोपाठच्या दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क विकायला लीगचा नियम मनाई करतो. क्लीव्हलँडच्या एका जुन्या मालकाने संघाचे भवितव्य असेच फुंकून टाकले म्हणून तो नियम आला. अदलाबदलीचा हक्क मात्र त्या मनाईत बसत नाही, कारण कागदोपत्री तुमच्याकडे एक निवड उरतेच. समोरचा हुशार असेल तर तो नेमकी हीच फट शोधतो, आणि फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर सॅम हिंकी हुशार होते. एका व्यवहारात त्यांनी तुमचे अनेक उन्हाळे बांधून घेतले.

२०१६ ला अदलाबदलीची वेळ आली नाही, कारण फिलाडेल्फियालाच पहिला क्रमांक लागला. २०१७ मध्ये लॉटरीत (ड्राफ्टमधला वरचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) किंग्जची जागा अनपेक्षितपणे वर उडी मारून तिसरी आली. फिलाडेल्फियाची होती पाचवी. त्यांनी हक्क वापरला. तिसरा क्रमांक तिथून बॉस्टनला गेला आणि बॉस्टनने पुढे तारा ठरलेला जेसन टेटम घेतला. किंग्जला पाचव्या क्रमांकावर फॉक्स मिळाला, तो चांगलाच निघाला, आणि तिसऱ्या जागेवर किंग्जने टेटमलाच घेतले असते असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. पण तो पर्याय आपला राहिला नाही, हे खरे आहे. २०१९ चा हक्क चौदावा ठरला आणि तोही बॉस्टनकडे गेला. ३९ सामने जिंकून संघ कुठे वर येऊ लागला होता, त्याच वर्षी पहिल्या फेरीत तुमची पाटी कोरी होती.

एवढे देऊन मोकळ्या केलेल्या जागेत कोण आले? एका वर्षासाठी राजॉन राँडो, शिवाय मार्को बेलिनेली आणि कोस्टा कूफोस. त्या हंगामात ३३ विजय, ४९ पराभव. राँडो वर्षभरात शिकागोला गेला. बेलिनेलीला पुढच्या ड्राफ्टच्या रात्री शार्लटला देऊन टाकले.

याहून स्वस्त वाट होती का? होती. लँड्रीच्या कराराची दोन वर्षे उरली होती, वर्षाला सुमारे ६५ लाख डॉलर. करार मोडून उरलेली रक्कम लांबवायची सोय नियमात आहे: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच वर्षांत. वार्षिक भार २६ लाखांवर आला असता आणि एकही ड्राफ्ट हक्क द्यावा लागला नसता. नाहीतर फक्त एक वर्ष थांबायचे होते. लीगचा २,४०० कोटी डॉलरचा नवा टीव्ही करार ऑक्टोबर २०१४ मध्येच जाहीर झाला होता. २०१५-१६ ची ७ कोटी डॉलरची कॅप पुढच्या हंगामात ९ कोटी ४१ लाखांवर जाऊन पोहोचली. इतक्या मोठ्या उडीचा आधीच सगळ्यांना अंदाज होता. जी जागा बारा महिन्यांनी प्रत्येक संघाला आपोआप मिळणार होती, ती किंग्जने भविष्य देऊन विकत घेतली. पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाण्यासारखे हे झाले, आणि तेही सुगी तोंडावर असताना.

तिसरी तक्रार ड्राफ्टची. मागे वळून नावे मोजणे सोपे असते, म्हणून २०१३ ते २०१६ ची सगळी यादी आम्ही उगाळत नाही. २०१६ मध्ये तेराव्या क्रमांकावर घेतलेल्या यॉर्गोस पापायानिस याला दोन वर्षेही पूर्ण होण्याआधी सोडून दिले, एवढे नोंदवून पुढे जातो. पण २०१८ टाळता येत नाही. दुसऱ्या क्रमांकावर किंग्जने मार्विन बॅगली घेतला. तिसऱ्यावर दुसरीकडे गेला लुका डॉन्चिच. एकोणिसाव्या वर्षी डॉन्चिच रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून आला होता, शिवाय त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मोठ्या माणसांत खेळून सिद्ध झालेला मुलगा समोर होता, आणि तुमचे बास्केटबॉल प्रमुख दिवाच तर सर्बियाचे, युरोपचा खेळ त्यांच्या घरचा. फॉक्सच्या हाती चेंडू असतो, मग चेंडू हाताळणारा दुसरा कशाला, असा युक्तिवाद तेव्हा ऐकू येत होता. ड्राफ्टच्या वरच्या तीन-चार जागांवर गरज बघून निवडायचे नसते, सर्वांत चांगला खेळाडू घ्यायचा असतो. गरजा दोन वर्षांत बदलतात, त्या ट्रेडने भागवता येतात. बॅगलीला दुखापतींनी ग्रासले, दुसऱ्या हंगामात त्याला १३ सामने खेळता आले. त्यात त्याचा दोष नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतूही नाही. निवडणाऱ्यांची पद्धत चुकली.

चौथी तक्रार हातातले फुकट घालवण्याची. आयझाया थॉमस २०११ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, साठावा खेळाडू. २०१३-१४ मध्ये किंग्जसाठी सामन्यामागे २० हून अधिक गुण करत होता. चार वर्षांच्या २ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर त्याला फीनिक्सला जाऊ दिले. बदल्यात जवळजवळ काहीच आले नाही. बॉस्टनकडे २०१६-१७ मध्ये त्याची सरासरी २८.९ होती. २०२० मध्ये बोगदान बोगदानोविच रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता. अटलांटाने ७ कोटी २० लाखांचा देकार ठेवला, तेवढीच रक्कम देऊन तो जुळवायचा आणि खेळाडू राखायचा हक्क किंग्जकडे होता. जुळवला नाही. पुन्हा हात रिकामे. असा खेळाडू ठेवायचा नसेल तर त्याला करार संपण्याआधीच्या फेब्रुवारीत, ट्रेडची मुदत उलटण्यापूर्वी विकायचा असतो. जुलैमध्ये त्याची किंमत तुमच्या हातात राहत नाही.

कझिन्सच्या ट्रेडविषयी एकच गोष्ट. तो व्यवहार पुढे अगदीच वाईट ठरला नाही. पण दोन दिवसांपूर्वी याहून चांगला देकार हाती होता, असे दिवाच यांनी स्वतः पत्रकारांना सांगितले. सर्वोत्तम खेळाडू ऑल-स्टार सामन्याच्या धामधुमीत विकताना इतकी घाई कोणासाठी होती, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

आता ताजा भाग. फेब्रुवारी २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टन देऊन डोमांटास सबोनिस आणला, त्याचा बचाव करता येतो. सबोनिस नसता तर २०२३ च्या एप्रिलमधले प्लेऑफ आले नसते, विजयानंतर अरेनाच्या छतावरून आकाशात जाणारा तो जांभळा झोत देशभर माहीत झाला नसता. पण हॅलिबर्टन तेव्हा दुसऱ्याच हंगामात होता, स्वस्त नवोदित करारावर, आणि सबोनिसपेक्षा जवळजवळ चार वर्षांनी लहान. ज्या संघाने असा खेळाडू दिला, त्याने पुढची तीन-चार वर्षे एकेक पाऊल मोजून टाकायला हवे होते. इंडियाना २०२५ मध्ये हॅलिबर्टनच्या जोरावर अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेली. किंग्जने काय केले? २०२४ च्या उन्हाळ्यात डीमार डेरोझनसाठी २०३१ ची ड्राफ्टमधली जागा अदलाबदलीला सॅन अँटोनियोकडे गहाण टाकली. केव्हिन ह्यूर्टरसाठी २०२२ साली अटलांटाला देऊ केलेला हक्क २०२५ मध्ये तेराव्या क्रमांकाचा ठरून गेला, आणि तोवर ह्यूर्टर संघातही नव्हता.

फॉक्सचा करार २०२६ ला संपणार होता आणि २०२४ मध्येच त्याने मुदतवाढीला नकार दिला होता. तो क्षण निर्णयाचा होता. एक तर त्याला पटेल असा संघ आणि टिकेल असा प्रशिक्षक द्यायचा, नाहीतर त्याच उन्हाळ्यात, दोन हंगाम हातात असताना, अनेक संघांत बोली लावायची. तुम्ही दोन्ही केले नाही. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक काढला आणि सुमारे पाच आठवड्यांत खेळाडू गेला. ट्रेडमध्ये मिळालेला शार्लटचा पहिल्या फेरीचा हक्क अटींमुळे दुसऱ्या फेरीवर घसरला. २०२७ चा सॅन अँटोनियोचा आणि २०३१ चा मिनेसोटाचा, एवढेच ठोस उरले. सोबत आला झॅक लव्हीन, २०२५-२६ चा पगार पावणेपाच कोटी डॉलरच्या आसपास. लव्हीन आणि डेरोझन ही जोडी शिकागोत तीन हंगाम एकत्र होती. प्लेऑफ एकदाच, आणि तेही पहिल्या फेरीत बाद. दुसऱ्या शहरात लागलेला निकाल समोर असताना तोच प्रयोग पुन्हा मांडला गेला.

सॅक्रामेंटो हे लॉस एंजेलिस नाही. नावाजलेले फ्री एजंट तिथे आपणहून येत नाहीत. या संघाला तारा मिळण्याची वाट ड्राफ्टमधूनच जाते, आणि तुमच्या काळातला जवळजवळ प्रत्येक घाईचा व्यवहार तीच वाट विकून झालेला आहे. नवा अधिकारी येतो, त्याला लवकर निकाल दाखवायचा असतो, कारण आधीच्याला लवकर काढलेले त्याने पाहिलेले असते. म्हणून तो उद्याचे हक्क विकतो. दोन वर्षांनी तो जातो आणि देणे पुढच्याच्या माथी येते. ही साखळी मालकाशिवाय कोणी तोडू शकत नाही.

म्हणून आमच्या मागण्या.

जनरल मॅनेजरला किमान चार हंगामांची मुदत द्या आणि ती लेखी जाहीर करा. प्रशिक्षक नेमणे आणि काढणे हे त्यांचेच काम असेल, मालकाचे नाही. श्री. पेरी, तुमच्याकडूनही हीच अपेक्षा आहे की निर्णयावर तुमचे नाव असेल आणि पत्रकारांसमोर उत्तरही तुम्हीच द्याल.

सलग दोन हंगाम प्लेऑफ गाठेपर्यंत संरक्षणाविना पहिल्या फेरीचा एकही हक्क, अदलाबदलीचा हक्कसुद्धा, विकू नका. सॅन अँटोनियो आणि मिनेसोटाकडून आलेले हक्क तिशीपलीकडच्या खेळाडूसाठी खर्च करू नका.

लव्हीन, डेरोझन आणि सबोनिस यांच्याबाबत निर्णय करार संपायची वाट न पाहता घ्या. त्यांच्या बदल्यात तरुण खेळाडू किंवा ड्राफ्ट हक्क मिळत असतील तर त्या हंगामात विजय कमी झाले तरी चालतील. २०१९ पासूनच्या लॉटरीत तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी प्रत्येकी १४ टक्के असते. दरवर्षी ३५ ते ४० विजयांवर अडकणाऱ्या संघाला ती संधीही नाही आणि प्लेऑफही नाही.

कीगन मरे, निक क्लिफर्ड, मॅक्सिम रेनो या तरुण खेळाडूंना ठरलेली मिनिटे द्या, चुका झाल्या तरी द्या. प्रशिक्षक डग क्रिस्टी यांच्याकडून विजयांसोबत या तिघांच्या प्रगतीचा हिशेब मागा, आणि तो हिशेब पूर्ण होईपर्यंत त्यांना हात लावू नका.

दरवर्षी हंगाम संपल्यावर एक जाहीर सभा घ्या, शहराच्या पैशाने उभ्या राहिलेल्या त्याच अरेनात. कोणते हक्क आपल्याकडे आहेत, कोणते दुसऱ्याकडे गेले, कोणत्या वर्षी किती पगार बांधलेला आहे, याचा तक्ता प्रेक्षकांसमोर ठेवा आणि प्रश्न घ्या. पहिली सभा येत्या उन्हाळ्यात, ड्राफ्टच्या आधी व्हावी.

उत्तराची वाट पाहत आहोत. कळावे.

आपले,
मुंबई, पुणे आणि कॅलिफोर्नियातील काही मराठी किंग्ज-समर्थक